अंगण वाकडं असतं तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या डोंगरवेड्या मंडळींच्या गप्पांत फार लवकर बाहेर येते. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर कुणी पुन्हा स्कीइंगला निघालं आणि बुटांची, बूट स्कीला जखडणाऱ्या बाइंडिंगची चौकशी करू लागलं, की चारचौघांत कुणीतरी ती हमखास ऐकवतं. पाठोपाठ ठरलेला सल्ला येतो : गुलमर्गला जा नाहीतर औलीला जा, तिथे भाड्याने मिळेल ते पायात चढव, दोन-चार दिवस उतारावर काढ, अंगात पुन्हा मुरलं की मग साधनांचं बघ. सल्ला देणारे काही वाईट लोक नव्हेत. त्यांच्यातल्या अनेकांनी सह्याद्रीत उभी हयात घालवली आहे, पाठीवर मोजकं सामान घेऊन भरपूर डोंगर पाहिले आहेत. ‘वस्तूंच्या नादी लागू नका’ हे त्यांचं म्हणणं एरवी मलाही पटतं. पण खंडानंतर स्कीइंगकडे परतणाऱ्याला दिलेला हा सल्ला साफ उलटा आहे, आणि त्याची किंमत गुडघ्याने मोजावी लागते. म्हणून तो मुळापासून खोडून काढायला हवा.

या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : परतणारा म्हणजे पुन्हा नवशिकाच. मला नेमकं हेच मान्य नाही. नवशिका माणूस स्कींची पुढची टोकं जवळ आणून, मागच्या बाजू फाकवून, हळूहळू घसरत उतरतो. त्याला वेग नकोच असतो. तो पडतो तेही बसल्यासारखा. परतणाऱ्याचं तसं होत नाही. पहिल्या सकाळी तो चाचपडतो आणि दुपारपर्यंत त्याला वळणं आठवू लागतात. तोल कुठे टाकायचा, कड कधी लावायची, खांदे कुठे ठेवायचे, हे शरीर विसरलेलं नसतं. त्याने गमावलेलं असतं ते वेगळंच : मांड्यांतली ताकद, दमल्यावरही गुडघा सरळ धरून ठेवणारे स्नायू, आणि तोल गेल्यावर सावरण्याची चपळाई. म्हणजे वेग जुना परत येतो आणि तो पेलणारं शरीर मात्र पंधरा-वीस वर्षांनी मोठं झालेलं असतं. ही तफावत असताना साधन जेवढं नेमकं लागतं, तेवढं ते नवशिक्यालाही लागत नाही. ‘सुरुवातीला काहीही चालेल’ असं ज्या दिवसांबद्दल सांगितलं जातं, तेच दिवस परतणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात.

स्कीइंगमध्ये शरीराचा स्कीशी संबंध येतो तो फक्त बुटातून. नडगीने बुटाच्या जिभेवर दाब दिला की स्कीचं पुढचं टोक वळण धरतं. घोटा आणि गुडघा आत झुकला की कड बर्फात रुतते. बूट सैल असेल तर आधी पाय बुटात सरकतो, मग बूट हलतो, आणि सगळ्यात शेवटी स्की. या उशिरामुळे माणूस बिचकतो आणि मागे बसतो. मागे बसल्यावर पुढच्या टोकावरचा दाब जातो, स्की ऐकेनाशी होते, मांड्या जळू लागतात. खाली उभा प्रशिक्षक ‘पुढे झुका, पुढे झुका’ म्हणून ओरडत असतो. पण झुकणार कशावर? नडगी आणि बूट यांच्यात दोन बोटांची फट असते. अशा वेळी माणसाला नाचता येत असतं, आणि अंगण खरोखरच वाकडं असतं.

गुलमर्गच्या बाजारातल्या भाड्याच्या एका दुकानात पाहिलेला प्रसंग सांगते. भिंतीशी बुटांच्या रांगा, बहुतेकांचे लायनर, म्हणजे आतली मऊ अस्तरं, आदल्या दिवशीच्या घामाने आणि वितळलेल्या बर्फाने ओलसर, कोपऱ्यात बुखारी. माझ्यापुढे पुण्याचे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, तरुणपणी औलीला शिकलेले. दुकानदाराने नंबर विचारला, काका म्हणाले आठ. आठाचा जोड आला, काकांनी उभ्यानेच पाय घातला, बोटं पुढे टेकली आणि त्यांचा चेहरा आक्रसला. लगेच वरच्या मापाचा जोड आला. त्यात पाय सुखाने शिरला, काका खूश, दुकानदारही खूश. मग बाइंडिंगची पाळी. त्याने वजन विचारलं, स्क्रूड्रायव्हर फिरवला आणि स्की काकांच्या हातात दिल्या. ना वय विचारलं, ना उंची, ना बुटाच्या तळाची लांबी पाहिली. काकांनीही विचारलं नाही, कारण त्यांना निघताना सांगितलेलंच होतं की पहिल्या दिवसांत काहीही चालतं.

यातली एकेक गोष्ट तपासून पाहू.

स्कीच्या बुटाला आपला नेहमीचा नंबर लावायचाच नसतो. त्याचं माप माँडोपॉइंट नावाच्या पद्धतीने, म्हणजे पायाच्या लांबीवरून सेंटीमीटरमध्ये असतं. पाऊल साडेसव्वीस सेंटीमीटर असेल तर माप २६.५. बाजारातल्या चामडी बुटाचा नंबर आपण ऐसपैस घेतलेला असतो, त्यामुळे आठ नंबर सांगणाऱ्याचं पाऊल मोजलं तर कित्येकदा २६ किंवा २६.५ निघतं. घरीच भिंतीला टाच लावून, कागदावर उभं राहून, अंगठ्याच्या टोकाशी रेघ मारली की हे माप मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते दोन्ही पायांचं करायचं, कारण दोन्ही पावलं सहसा सारखी नसतात.

बोटं पुढे टेकली म्हणजे बूट लहान, हा दुसरा गैरसमज. सरळ उभं राहिल्यावर योग्य मापाच्या बुटातही बोटं टेकतातच. टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, बक्कल लावायची, गुडघे वाकवून नडगी जिभेवर दाबायची. मग पाऊल मागे सरकतं आणि बोटं मोकळी होतात. पण खरी परीक्षा याच्याही आधीची असते आणि ती भाड्याच्या दुकानात क्वचितच कुणी करू देतं. लायनर उपसून बाहेर काढायचा. नुसत्या कवचात अनवाणी पाय घालायचा, बोटं पुढे अगदी हलकी टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरली ते बघायचं. दहा ते वीस मिलिमीटर, म्हणजे साधारण एक बोट जाईल इतकी, असेल तर माप बरोबर. दोन बोटं सहज शिरत असतील तर तो बूट ठेवून द्यायचा, मग आत कितीही मऊ वाटो. लायनर फोमचा असतो, तो वापराने दबत जातो. पहिल्या दिवशी ऐसपैस वाटणारा बूट चौथ्या दिवशी पायात खुळखुळतो. आणखी एक बारकावा : बहुतेक कंपन्यांचं २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापाने फार काही बदलत नाही.

इथे मोजे आडवे येतात. आपल्याकडे थंडी म्हटलं की दोन जोड्या मोज्यांचा उपदेश होतो. स्कीच्या बुटात तो घातक आहे. दोन मोजे एकमेकांवर घसरतात, घडी पडते, घाम अडकतो, आणि घट्ट आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही, म्हणून पाय जास्तच गारठतात. गुडघ्यापर्यंतचा, पातळ, लोकरीचा एकच मोजा पुरतो. लायनर रोज रात्री काढून वाळवला तर निम्मी थंडी तिथेच संपते.

‘माझं माप मला माहीत आहे, मी पूर्वी घातलेत’ असंही परतणारे सांगतात. पाऊल वयाप्रमाणे बदलतं. कमान खाली बसते, चवडा पसरतो. बाळंतपणानंतर अनेक बायकांचं पाऊल लांबीलाही वाढतं आणि मग तसंच राहतं, हे तर प्रत्येक चप्पलवाल्याला ठाऊक असतं. आपल्याकडे चपला घालून किंवा अनवाणी वाढलेल्या अनेकांचा चवडा मुळातच रुंद असतो. बुटाच्या आतल्या रुंदीचा आकडा २६.५ मापाच्या हिशेबाने दिलेला असतो : ९८ मिलिमीटर अरुंद, १०० मधला, १०२ रुंद. रुंद चवड्याच्या माणसाला अरुंद बूट दिला की तो कळवळतो, आणि दुकानदार लांबी वाढवून त्याला दिलासा देतो. त्याला हवी असते रुंदी, मिळते लांबी. मग टाच उचलली जाते, नडगी सोलवटते, आणि घरी आल्यावर तो माणूस सांगतो की आता या वयात जमत नाही. किती जणांचं स्कीइंग केवळ या एका चुकीच्या बुटाने कायमचं सुटलं असेल, या विचाराने मला खरोखर चीड येते.

एक खास आपल्या घरांतला प्रकार. भाऊ म्युनिकला, मावसबहीण डेन्व्हरला, भाचा झुरिकला. त्यांच्यापैकी कुणीतरी नवे बूट घेतं आणि जुने इकडे पाठवतं. प्रेमाने आलेली वस्तू नाकारणं जड जातं हे मला कळतं. पण त्या बुटाचा लायनर त्या माणसाच्या घोट्याला, त्याच्या टाचेला ओळखून दबलेला असतो. कवच तुमच्या मापाचं निघालंच तर लायनर नवा घालता येतो. माप जुळत नसेल तर तो बूट शोकेसमध्ये ठेवावा, पायात घालू नये.

‘त्या काळच्या वस्तू मजबूत असत’ हा मुद्दा बुटांना अजिबात लागू पडत नाही. स्कीच्या बुटांची कवचं बहुतांशी पॉलियुरेथेन जातीच्या प्लॅस्टिकची असतात. हवेतल्या ओलाव्याने हे प्लॅस्टिक हळूहळू आतून विघटित होतं. मुंबईच्या, कोकणच्या पावसाळी हवेत माळ्यावर पडलेल्या जोडाची काय गत होत असेल ते वेगळं सांगायला नको. बाहेरून चकचकीत दिसणारा वीस वर्षांचा बूट उतारावर एका झटक्यात तडकतो, तुकडे पडतात, आणि पाय बाइंडिंगमधून भलत्याच वेळी मोकळा होतो. हे कुणाच्या हलगर्जीपणाने होत नाही, ते रसायनशास्त्र आहे. तीच गत जुन्या बाइंडिंगची. स्प्रिंग दमतात, ग्रीस सुकतं. कंपन्या आपल्या कोणत्या बाइंडिंगची जबाबदारी अजून घेतात याची यादी दर हंगामात काढतात. त्या यादीतून वगळलेल्या जुन्या बाइंडिंगला अमेरिकेतली दुकानं हातही लावत नाहीत.

स्कींबद्दल फार लांबण लावत नाही, कारण परतणाऱ्याचं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच असतं आणि तिथेच त्याची सगळ्यात कमी गरज असते. १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने मध्ये खोल कंबर असलेली एससीएक्स नावाची स्की आणली आणि पुढच्या दशकभरात जुन्या सरळ, दोन मीटरच्या स्की इतिहासजमा झाल्या. आजची स्की हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान पोचेल एवढी असते आणि कडेवर झुकवली की आपण होऊन वळते. दीर्घ खंडानंतर जाणाऱ्याला हा बदल सुखाचाच आहे. जुनी लांब स्की हट्टाने मागू नये, भाड्याने मिळणारी ७५ ते ९० मिलिमीटर कंबरेची मध्यम स्की घ्यावी, कडा धारदार आहेत ना ते नखाने तपासावं, आणि आपलं लक्ष बूट-बाइंडिंगवर ठेवावं.

आता विरोधकांचा सगळ्यात भावनिक मुद्दा. ते म्हणतात, काश्मिरातली, हिमाचलातली पोरं लाकडाच्या फळ्या पायाला बांधून शिकली, त्यांना कुठे होती बाइंडिंग? अरिफ खानचं उदाहरण दिलं जातं. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. मलाही त्याचा अभिमान आहे. पण ज्या मुलाच्या वडिलांचं गुलमर्गलाच स्कीच्या साधनांचं दुकान होतं, त्याचं उदाहरण ‘साधनं लागत नाहीत’ हे सिद्ध करायला कसं चालेल? तो साधनांच्या सहवासात वाढला. आणि फळ्यांवर शिकणाऱ्या पोरांचं म्हणाल, तर त्यांची टाच मोकळी असते, वजन वीस-पंचवीस किलो असतं, आणि पडल्यावर दोरी सुटते किंवा फळी मोडते. ऐंशी किलोच्या, टाच जखडलेल्या, वेगात असलेल्या माणसाशी त्यांची तुलना होऊच शकत नाही. टाच जखडायची आणि सुटायची सोय ठेवायची नाही, हा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. जन्माने नॉर्वेजियन असलेल्या, अमेरिकेत ओरेगन राज्यात स्थायिक झालेल्या यल्मार व्हाम या अव्वल स्कीपटूचा १९३७ मध्ये माऊंट हूडवर पाय मोडला. त्याच्या कौशल्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्या दुखण्यात त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली आणि १९३९ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. ज्याला उत्तम नाचता येत होतं, त्यानेच अंगण दुरुस्त करायला घेतलं होतं.

पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये शुगरबुश इथे रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जास्पर शीली या तिघांनी १९७२ पासून अनेक दशकं जखमांची बारकाईने नोंद ठेवली. बूट आणि बाइंडिंग सुधारत गेले तशी नडगीचं हाड मोडण्याची प्रकरणं प्रचंड कमी झाली. त्या काळात माणसांची नडगी काही बदलली नव्हती, बदललं होतं ते बाइंडिंग.

म्हणून पुन्हा त्या काकांकडे येते. बाइंडिंगवरचा छोटा आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात, पाच गोष्टींवरून ठरतो : वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी, आणि तुम्ही उतरता कसे. आयएसओ ११०८८ या मानकात त्याची पद्धत दिलेली आहे. तक्त्यात वजनाची एक ओळ निघते, उंचीची एक. दोन्ही वेगळ्या आल्या तर कमी आकड्याची ओळ धरायची. वय पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी एक ओळ कमी करायची. मग जपून उतरणाऱ्याला तोच आकडा, मध्यमाला एक ओळ जास्त, आक्रमकाला दोन. काकांचं वजन ८० किलो, उंची १६८ सेंटीमीटर आणि वय ५२ धरू. नुसतं वजन विचारून लावलेला आकडा त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त निघतो : एक उंचीची, एक वयाची. पोटाभोवती चरबी चढली म्हणून नडगीचं हाड जाड झालेलं नसतं, उलट पन्नाशीनंतर त्याची ताकद उतरणीला लागलेली असते. दुकानदाराने मात्र चरबीचं वजन हाडाच्या खात्यात जमा केलं. दोन ओळी जास्त याचा अर्थ, पाय पिळवटला जात असताना जिथे बाइंडिंगने सुटायला हवं, तिथे ते धरून राहणार.

‘काल दोनदा स्की सुटली, आज जरा घट्ट करून द्या’ असं सांगणारे तर रोज दिसतात, आणि त्यांना घट्ट करून देणारेही. स्की सुटण्याची कारणं पाहिलीच जात नाहीत. बुटाच्या तळाला बर्फाचा गोळा चिकटलेला असतो. टाचेचा भाग बुटाच्या लांबीला नीट जुळवलेला नसतो, त्यामुळे पुढचा दाबच बरोबर नसतो. डांबरी रस्त्यावर चालून चालून तळ झिजलेला असतो. ही कारणं दूर करायची सोडून स्प्रिंग आवळणं म्हणजे जळणारा फ्यूज काढून तिथे तार लावणं आहे. आणि बुटाच्या टाचेजवळ कोरलेला ३०५, ३१५ असा तीन अंकी आकडा दुकानदाराने वाचलाच नसेल, तर त्याने बाइंडिंग कशाच्या आधारावर जुळवलं हे त्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एक मुद्दा विरोधकांचा खरा आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करते. बाइंडिंग नडगी वाचवतं, गुडघ्याच्या आतला लिगामेंट वाचवेलच असं नाही. शुगरबुशच्या त्याच तिघांनी दाखवून दिलं की नडगी मोडण्याची प्रकरणं घटत असताना एसीएल, म्हणजे हाच लिगामेंट, फाटण्याची प्रकरणं वाढत होती, आणि नेहमीचं बाइंडिंग ते रोखू शकत नव्हतं. नितंब गुडघ्यांच्या खाली गेलेले, वजन मागे, हात मागे, आणि उताराकडच्या स्कीची आतली कड मागच्या टोकाशी अडकलेली, अशा स्थितीत गुडघा पिळवटतो. इथे वागणंच कामी येतं : पडू लागलात तर पडा, घसरत असताना उठायची धडपड करू नका, हात पुढे ठेवा. हे शिकवायलाच हवं. पण ती स्थिती पुन्हा एकदा नीट वाचा. मागे बसलेला माणूस. त्याला मागे बसवणाऱ्या कारणांत सैल बूट फार वरचा आहे. म्हणजे कौशल्याचा म्हणून जो मुद्दा पुढे केला जातो, तो शेवटी बुटाशीच येऊन थांबतो.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं भांडण आहे. परदेशातल्या आपल्या काही मित्रांना वाटतं की परतायचं तर स्पर्धेतला बूट, १३० फ्लेक्स (म्हणजे बुटाचा कडकपणा), सगळ्यात महाग जाकीट, पावडरसाठी रुंद स्की. फ्लेक्सचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतोच, आणि थंडीत प्लॅस्टिक आणखी कडक होतं, त्यामुळे उबदार दुकानात वाकणारा बूट उतारावर वाकत नाही. न वाकणारा बूट सैल बुटाइतकाच माणसाला मागे ढकलतो. सर्वसाधारण पुरुषाला ९० ते १००, बाईला ७० ते ८५ च्या आसपासचा फ्लेक्स परतताना पुरेसा आहे. बायकांच्या बुटाची वरची कड खाली आणि मोकळी असते कारण पोटरी खालपर्यंत भरलेली असते. ‘लेडीज नाही, जेन्ट्स चालेल’ हे ऐकून घेऊ नये. जाकिटाचं म्हणाल तर सह्याद्रीच्या पावसात वापरलेलं चांगलं वॉटरप्रूफ आणि आत लोकरीचा थर एवढ्यावर काम भागतं. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्यावं, त्यावर ईएन १०७७ हे मानक लिहिलेलं असावं. भाड्याच्या हेल्मेटने आधी किती धक्के खाल्ले आहेत हे बाहेरून कळत नाही, आणि एका मोठ्या धक्क्यानंतर आतला फोम निकामी झालेला असतो.

चांगली साधनं मिळाली की माणूस नको ते धाडस करतो, असाही आक्षेप येतो. गुलमर्गमध्ये तो गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण तिथे गोंडोलाचा दुसरा टप्पा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो आणि तिथून खाली सगळा मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन.  तिथे जायचं तर ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं, ते वापरायचा सराव आणि जाणकार वाटाड्या लागतो. परतणाऱ्याने पहिल्या फेरीत तिकडे फिरकूच नये. पण या भीतीवरचा उपाय म्हणून त्याला खालच्या सौम्य उतारावर वाईट बूट देणं मला पटत नाही. वाईट बुटाने सावधपणा येत नाही. येतो तो थकवा, आणि थकलेलाच माणूस जास्त पडतो.

राहिला पैसा, आणि तो मुद्दा खोटा नाही. युरोपात मध्यम दर्जाचा बूट ३०० ते ५०० युरोला पडतो, इकडे तो मापाचा मिळवणंच अवघड. म्हणून क्रम ठरवून घ्यावा. स्की आणि पोल भाड्यानेच. कुणी नातेवाईक तिकडे असेल आणि तुम्ही कामानिमित्त जात असाल, तर स्वतः जाऊन, लायनर काढून, पाय घालून बूट घ्यावा, मागवू नये. तळ सपाट, अल्पाइन प्रकारचा असावा. हल्लीच्या कित्येक बुटांना चालायला सोपा, वळलेला ग्रिपवॉक तळ असतो, आणि आपल्याकडच्या भाड्याच्या जुन्या बाइंडिंगमध्ये तो बसवणं धोक्याचं आहे. तळ बदलता येणारा बूट मिळाला तर उत्तमच. विमानात बूट हातातल्या सामानात ठेवावेत. बॅग हरवली तर स्की दुसरी मिळेल, बूट मिळणार नाही.

आणि ज्यांना बूट विकत घेणं शक्य नाही, त्यांच्यासाठी गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आणि औलीला गढवाल मंडल विकास निगम यांचे अभ्यासक्रम आहेत, तिथे शुल्कातच साधनं मिळतात. तिथे पहिल्या दिवशी सगळे स्कीच्या ढिगाकडे धावतात, तुम्ही बुटांच्या फळीकडे जा. पायाचं माप सेंटीमीटरमध्ये आणि बरोबर वजन, उंची, वय असं कागदावर लिहून न्या. लायनर बाहेर काढू द्या म्हणा, आणि बूट ठरल्यावर त्याच्या टाचेवरचा आकडाही त्याच कागदावर उतरवा. तो कागद बाइंडिंग लावणाऱ्याच्या हातात द्या आणि तो स्क्रूड्रायव्हर फिरवत असताना शेजारी उभे राहा.